कॉम्प्रेसर बदलला, त्या दिवशी

गाडीतल्या एसीचं नावच काढू नका माझ्यासमोर! आमच्या शहाडच्या गॅरेजात एक फॉरेनचा जुना ट्रेलर आलेला, केबिनमध्ये एसी असलेला. मी कॉम्प्रेसर बदलला. ड्रायव्हर शिंदे सकाळी ‘ट्रायल मारून येतो’ म्हणून गेला, तो दुपारपर्यंत आलाच नाही. मी तडक मोहन्याला त्याच्या घरी गेलो. ट्रेलर चाळीसमोर उभा, इंजिन चालू! डोकंच फिरलं. दार उघडून वर चढलो, तर मागच्या बर्थवर त्याचे वडील चादर ओढून झोपलेले.

“बाबा, उठा, मालक बोंबलतोय,” म्हणत मी पाय हलवला.

पाय बर्फासारखा गार.

खालून शिंदे म्हणाला, “मी घरी पोचलो तेव्हा बाबा गेलेले रे. अग्नी द्यायला मोठा भाऊ रत्नागिरीहून निघालाय. तोपर्यंत टिकेल ना तुझा कॉम्प्रेसर?”