सातवी अट

मी निपाणीकडची. आई बिड्या वळायची, तिच्या मांडीला मांडी लावून मीबी वळल्या, आणि काकतीला दिली मला ती गवंड्याच्या घरात. गवंडी तरी कसला, ओळंबा न सोडता नुसत्या डोळ्यानं भिंत वाकडी हाय का सरळ सांगायचे ह्ये. बेळगावात किती जणांची घरं ह्यांनी उभी केली, काय सांगू पोरी तुला, आणि आम्ही ऱ्हायलो पत्र्याखाली. मग एक दिवस तिसऱ्या मजल्याची परांची सुटली आणि ह्ये खाली आले. कंबरेखालचं सगळं गेलं. बिल्डर दवाखान्यात एकदाच आलता, मोसंबी घिऊन. नंतर म्हणला, हा माणूस माझ्याकडं कामाला होता ह्याचा कागद दाखवा. कागद कुठला गं? गवंड्याला कागद कोण देतंय? बांधून घेणाऱ्याचं नाव पाटीवर लागतंय, पडणाऱ्याचं कुठंच न्हाय.

लेक सुजाता नर्स झाली, तिनं कर्ज काढलं. आई, आता घर, म्हणली. कंत्राटदार ह्यांच्या ओळखीतलाच, आक्का आक्का करत आला. मी म्हणलं आक्का ऱ्हाऊ दे, आधी बाँड. ह्ये खाटेवरनं एकेक अट सांगत होते, सुजाता लिहीत होती. सिमेंट कुठलं, सळी किती जाड, स्लॅबला पाणी किती दिवस मारायचं, काम मधी बंद पाडलं तर काय. सहा अटी झाल्या. सातवी माझी. कामावरच्या सगळ्यांची नावं बाँडाच्या मागं लिहायची, आणि त्यातलं कोण पडलं तर दवाखाना कंत्राटदाराचा, उठून उभं ऱ्हाईपर्यंत हजेरीचे पैसेबी त्यानंच द्यायचे.

कंत्राटदार हसला. आगोदिल्ल आक्का, न्हाय व्हायचं हे. आजपातूर कुठल्या मालकिणीनं असलं लिहून घेतलंय? मालकीण म्हणला मला. जन्मात पयल्यांदा कोण तरी म्हणलं, खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं.

दोन दिवस ताणलं. दुसरा कंत्राटदार बघितला, तोबी त्याच ओळीवर उठून गेला. तिसऱ्या दिवशी पयला परत आला आणि म्हणला, ती ओळ तेवढी काढा, मी अण्णांसाठी दारात उतार करून देतो, कठड्यासकट, फुकट. ह्यांची चाकाची खुर्ची सरळ आत-बाहेर. सात वर्षं ह्यांना उंबऱ्याबाहेर आम्ही उचलून नेतोय, परसाकडला सुद्धा. ह्ये म्हणले, मला उतार नको, ओळ ऱ्हाऊ दे. मी म्हणलं, गप बसा, तुम्हास्नी काय कळतंय. लेकीच्या हातातनं पेन घेतलं, सातवी अट मीच खोडली, आणि खोडल्याजागी सही केली.

विटा वाहायला लोंढ्याकडची यल्लव्वा यायची. दुपारी माझ्यापाशी भाकरी सोडायची. चटणी घाला की मालकीणबाई, घर एवढं मोठं आणि हात एवढा बारीक, म्हणायची आणि स्वतःच हसायची. गिलाव्याच्या टायमाला परांचीची फळी मोडली. खुबा गेला तिचा. कंत्राटदार म्हणला, हिचं नाव कुठल्या कागदावर हाय? बाँड पुढं टाकला. खोडलेली ओळ, बाजूला माझी सही. मी दवाखान्यात गेले तिला बघायला, आणि पायरीवर ध्यानात आलं, माझ्या पिशवीत मोसंबी हायत.

तिथनंच माघारी फिरले बघ. सुजातानं झेपंल तेवढा दवाखाना केला. यल्लव्वा काठी टेकत लोंढ्याला गेली. हजेरी कुणी दिली न्हाय, आम्हीबी न्हाय.

आता घर झालंय. बुद्धवंदना घेतली, सगळी जेवून गेली. उतार केलाय गुळगुळीत, कठडाबी लावलाय, त्या बाबतीत माणूस शब्दाला जागला. पण ह्ये त्याच्यावरनं एकदाबी आले न्हाईत. म्हणतात, मला उचला. एका बाजूनं लेक, एका बाजूनं मी, तीन पायऱ्या चढवतो. उतारावर मी मिरच्या वाळत घालते.

तू पत्रकं वाटत हिंडतीस, बिल्डरांना शिव्या घालतीस, घाल, घालायलाच पायजे. पण माझंबी लिही, गाळू नको. आणि तुझंबी घर व्हईल पोरी, व्हावं, चांगलं भरल्यालं व्हावं. त्या वक्ताला कुणी तुला मालकीण म्हणलं, की हातातलं पेन खाली ठेव.