भोकाचा पैसा

मुलुंडच्या एमआरआय सेंटरमध्ये माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजोबांच्या कमरेच्या करगोट्यात तांब्याचा भोकाचा पैसा होता आणि सिस्टर तो काढायला सांगून गेली होती.

"अगं रुक्मिणी, आईने बांधलेला पैसा तो. कधी काढलाय का मी?"

"करगोटे बदलले, पैसा तोच. हलू नका हो, गाठ सुटत नाही."

"त्याला भोक का असतं, सांग."

"लढाईत तांबं कमी पडलं, म्हणून सरकारने मधलं काढून घेतलं. लग्न झाल्यापासून ऐकतेय."

"मग? खोटं आहे?"

"सासूबाई वेगळंच सांगायच्या. तुमच्या आधीची दोन पोरं गेली त्यांची. तुम्हाला तरी बांधून ठेवता यावं, म्हणून देवाने भोक पाडलं."

"आई काहीही सांगायची."

"सुटला बघा."

"पर्समध्ये टाकू नकोस, हरवशील."

"पर्समध्ये कशाला? मंगळसूत्राच्या सेफ्टी पिनेत अडकवला."

"अगं, लोक बघतायत!"

"बघू दे. नंबर आला तुमचा, उठा."

"मशीन लय आवाज करते म्हणतात गं."

"करू दे. पैसा बांधलेलाच आहे. जा तुम्ही."