उत्तर ओट्याकडे

...आणि वर पुन्हा मलाच विचारतात, "काय गं, बुद्धिमत्ता झाली का?" म्हणजे तुम्हाला सांगते, या स्पर्धा परीक्षेला एवढे विषय आहेत, इतिहास आहे, भूगोल आहे, व्याकरण आहे, सगळ्यांची नावं कशी साधीसुधी. या एकाच विषयाचं नाव बुद्धिमत्ता. त्यामुळे जिन्यात कोणी भेटलं की मी आपली सरळ चेहऱ्याने सांगते, "माझी बुद्धिमत्ता अजून कच्ची आहे हो," आणि समोरचाही तितक्याच सरळ चेहऱ्याने म्हणतो, "होईल, होईल. सराव कर." आता दुसरं काय करतेय मी? सर्व पंखे खुर्च्या आहेत, काही खुर्च्या मांजरी आहेत, तर काही पंखे मांजरी आहेत काय? निष्कर्ष निघत नाही, मला माहितेय निघत नाही, पण मी त्याच पंख्याखाली झोपते ना. तो वर घरघर करतो आणि मला वाटतं, आता हा खाली उतरणार आणि दुधाच्या पातेल्यात तोंड घालणार.

आणि ती गोल टेबलावरची माणसं? आठ जणं, केंद्राकडे तोंड करून बसलेली. अ च्या डावीकडे तिसरा ब, ब आणि क च्या मध्ये दोघं, ड कोणाच्याच शेजारी बसायला तयार नाही. बसलेत बिचारे. समोर ताट नाही, पाणी नाही, कोणी कोणाला साधं "बरा आहेस का" म्हणत नाही. कधी कधी वाटतं आपण त्या टेबलावर जावं आणि म्हणावं, उठा रे बाबांनो, घरी जा, तुमच्याही घरी कोणी वाट बघत असेल. पण त्यांचं मी निभावून नेते. सांकेतिक भाषा निभावते, नातेसंबंध निभावते. माझं सगळं अडतं ते त्या एका माणसापाशी.

कुठला माणूस म्हणजे? दिशाज्ञानातला. "एक माणूस आपल्या घरातून निघतो." संपलं, इथेच माझं पेन थांबतं. का निघतो? नाव नाही, गाव नाही, हातात पिशवी नाही. घरातलं कोणी दारात येऊन विचारत नाही, कुठे निघालास रे, किती वाजेपर्यंत येशील. उत्तरेला पाच किलोमीटर चालतो, उजवीकडे वळतो, डावीकडे वळतो, मध्येच दक्षिणेला, ना कोणाला भेटतो, ना कुठे टेकतो, नुसता वळत सुटतो. आणि वाटेतच त्याला उभं करून ते आपल्याला विचारतात, "तर तो आता घरापासून किती अंतरावर आणि कोणत्या दिशेला आहे?"

मला विचारतात हो. मला.

आमच्या क्लासचे सर, त्यांना सगळी पोरं शॉर्टकट सर म्हणतात, कारण ते जिन्यानेसुद्धा एक सोडून एक पायरी चढतात, ते मला म्हणाले, "अगं, दिशाज्ञान म्हणजे फुकटचे मार्क. सातवीतली पोरं सोडवतात. तुझे बाकीचे सगळे बरोबर आणि हेच कसे चुकतात? आणि चुकतात म्हणजे काय, दर वेळी तू चौथा पर्याय भरतेस. माहिती अपुरी. लिहून घ्या सगळ्यांनी, माहिती अपुरी हा पर्याय पेपर काढणारा नुसता जागा भरायला ठेवतो, तिकडे ढुंकूनही बघायचं नाही." आता सरांना मी काय सांगू? की सर, हा माणूस माझ्या ओळखीचा आहे?

दादा तो. माझा थोरला भाऊ.

तुम्हाला सांगते, आमच्या घरात खरी बुद्धिमत्ता त्याची. प्रश्न वाचून संपायच्या आत उत्तर सांगायचा. दिशाज्ञान मला त्यानेच शिकवलं. मी कागदावर बाण काढायची आणि डावं-उजवं आलं की कागदच फिरवायची, तर तो कागद हिसकावून घ्यायचा. "कागद फिरवायचा नाही. आपण फिरायचं. तूच तो माणूस व्हायचं." मग स्वयंपाकघरात मधोमध मला उभी करायचा, ओट्याकडे तोंड करून. ओटा म्हणजे उत्तर. आई तिथे कायमची उभी असायची, तिच्या पाठीकडे बघायचं आणि सुरुवात करायची. "चल, उत्तर कुठंय?" "ओट्याकडे." "दक्षिण?" "मोरीकडे." मग उजवीकडे वळ की मी वळायची, डावीकडे वळ की वळायची, आणि आई पाठमोरीच म्हणायची, "अरे, पायात येऊ नका माझ्या, गरम आहे." अजूनही मला पेपरात 'उत्तर' शब्द दिसला ना, की आधी आईची पाठ दिसते. मग बाकीचं.

एवढा हुशार, पण याच परीक्षेच्या निकालाच्या यादीत त्याचं नाव काही लागलं नाही. दर वेळी थोडक्यात हुकायचं. मग वयोमर्यादा संपली. वयोमर्यादा संपली म्हणजे काय होतं माहितेय? काहीच होत नाही. माणूस सकाळी उठतो, दात घासतो, चहा पितो आणि टेबलाशी जाऊन बसतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की आता इथे बसायचं काही कारण नाही. असा तो बरेच दिवस बसला. आणि मग एका सकाळी चपला घालत म्हणाला, "रिफिल घेऊन येतो." आई म्हणाली, "ये." मी तर मान वर करून बघितलंसुद्धा नाही, मी पंखे आणि मांजरी सोडवत होते.

परीक्षाच संपल्या होत्या हो त्याच्या. रिफिल कशाला लागत होती त्याला? हे आम्हाला संध्याकाळी सुचलं. बघा म्हणजे, बुद्धिमत्ता.

बरं, शोधायला निघालो तर काय. आमची गल्ली सरळ जाते आणि नाक्यावर शिंपीकाकांच्या दुकानावर आपटते, तिथून रस्ता दोन्ही बाजूंना फुटतो. शिंपीकाका म्हणाले, "मी बघितला ना त्याला. उजवीकडे वळला." त्यांच्यासमोर, गल्लीच्या तोंडाशी किल्लीवाला बसतो, तो म्हणाला, "काय सांगता, माझ्या डोळ्यांदेखत डावीकडे गेला." झालं, जुंपली दोघांची. "तुझं लक्ष किल्लीत." "तुमचं लक्ष सुईत." अर्धी माणसं उजवीकडे पळाली, अर्धी डावीकडे, आणि दादा काही मिळाला नाही. त्या दिवसापासून ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

मी मात्र पुढे कितीतरी दिवस तेच सोडवत होते. आणि एकदा मला सुटलं. शिंपीकाका बसतात गल्लीकडे तोंड करून, म्हणजे दादा समोरून येतोय, म्हणजे काकांचा उजवा हात तो दादाचा डावा. किल्लीवाल्याचं तोंड दुकानाकडे, म्हणजे दादाचं होतं तिकडेच, म्हणजे त्याचं डावं तेच दादाचं डावं. म्हणजे दोघं एकच सांगत होते! मी धावत गेले. म्हटलं, काका, तुम्ही उजवीकडे म्हणालात ते तुमच्या उजवीकडे ना? काकांनी कात्री खाली ठेवली, उजवा हात वर केला, त्याच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं, मग पुन्हा हाताकडे. "माझ्या... का त्याच्या गं? मी त्याच्या बाजूने विचार करून म्हणालो होतो का माझ्या?" आणि डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या. आता त्यांच्या दुकानावरून जायची चोरी झालीय मला. मी दिसले की ते हातातलं काम थांबवतात आणि आपला उजवा हात बघत बसतात.

चौकीतही गेलो. तिथल्या हवालदारांनी सगळं नीट ऐकून घेतलं, कपडे विचारले, उंची विचारली, मग पेन ठेवलं आणि अगदी मायेने म्हणाले, "ताई, माहिती अपुरी आहे."

चौथा पर्याय. सर म्हणतात ढुंकून बघू नका.

तेव्हापासून तो मला सगळीकडे दिसतो. रस्त्यात कोणी पाठमोरा माणूस जात असला, रिकाम्या हाताने, आणि कोपऱ्यावर वळला, की माझे पाय आपोआप त्याच्या मागे. किती वेळा असं झालंय. एकदा तर तो माणूस मागे वळून म्हणाला, "काय पाहिजे तुम्हाला?" म्हटलं, "काही नाही, तुम्ही पूर्वेला चाललाय." तो जो सुटला... पळतानाही उजवीकडेच वळला.

आणि घरी आई. आमच्या जिन्याची वरची पायरी हलते, पाय पडला की खट्ट वाजते. ती वाजली की आतून आईचा आवाज येतो, "आलास?" ऐकलंत? आलास. आलीस नाही. मग मी आत जाते, ती ओट्यापासून वळून बघते, आणि म्हणते, "तू होय." रागाने नाही हो. नुसतं म्हणते. तू होय. मला रोज वाटतं, एकदा तरी तिने म्हणावं, आलीस. मी पण येतेच ना रोज? घरातून निघते, वळते, चालते आणि परत येते. माझा प्रश्न कोणी पेपरात घालत नाही.

आणि या वेळची परीक्षा म्हणजे माझी शेवटची संधी होती. यानंतर माझीही वयोमर्यादा संपते. मी ठरवलं होतं, तो माणूस दिसला तरी बघायचं नाही, बाकीचे सोडवायचे. पण तेवढे मार्क सोडले की मीसुद्धा हुकणार, थोडक्यात, त्याच्यासारखीच. आणि मग मीही एका सकाळी टेबलाशी बसून राहणार. मला खरंच भीती वाटते हो त्या टेबलाची. रिफिलची तर फारच वाटते.

तर पेपर उघडला. पंखे झाले, मांजरी झाल्या, गोल टेबलाची माणसं बसवली. पान उलटलं. "एक माणूस आपल्या घरातून निघतो." आलास का रे बाबा, म्हटलं. उत्तरेला पाच किलोमीटर जातो. डोळे मिटले, ओटा आणला समोर, आईची पाठ आणली, आणि चालायला लागले. उजवीकडे वळून तीन. मी बाकावर उजवीकडे वळले. पुन्हा उजवीकडे वळून नऊ. मी पुन्हा वळले, आता मागच्या बाकावरच्या मुलाच्या थेट तोंडासमोर. तो दचकून कागदावर आडवा झाला. पर्यवेक्षक बाई धावल्या. "अहो, मागे काय बघताय?" म्हटलं, "बाई, मी दक्षिणेला चाललेय." "पुढे बघा." "पुढे बघितलं तर मी घरी कशी जाणार?" बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, तुम्हाला सांगते, त्यांना पहिल्यांदा वाटलं असणार की कॉपी करणारी बरी.

बाई शेजारीच उभ्या राहिल्या, कंबरेवर हात ठेवून. मी मग मान न हलवता वळले, आतल्या आत. उजवीकडे तीन. पुन्हा उजवीकडे, चार. तर तो आता घरापासून...

मी थांबले. पुन्हा चालले. पाच वर गेला, नऊ खाली आला, चार वर गेला. तीन तिकडे, तीन इकडे. पुन्हा केलं. पुन्हा तेच. पहिलाच पर्याय होता: शून्य किलोमीटर. घरी आला होता हो तो. दर वेळी उजवीकडे वळत वळत, कोणालाही न विचारता, आपल्या दारात येऊन उभा होता. आणि मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन. बाई वाकून हळूच म्हणाल्या, "कठीण गेला का?" म्हटलं, "नाही बाई. सुटला." आणि तो गोल मी इतका रंगवला, इतका रंगवला की रिफिल संपली. शपथेवर सांगते, संपली. पुढचे प्रश्न बाईंच्या पेनाने सोडवले, तेही सगळे झाले नाहीत.

पास होणार का? दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही.

घरी आले. जिना चढले, वरची पायरी खट्ट वाजली. आणि आतून आवाज आला, "आलीस?"

मी तिथेच उभी. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते ऐकायला मिळालं आणि मी कठडा धरला. म्हणजे हिने सोडलं की काय? हिने आज ठरवून टाकलं की काय, की आता येणारी ही एकटीच? मला नको होतं हो ते. आलास म्हण गं बाई, म्हणत राहा, मला चालेल. आत गेले तर ती पाठमोरी, ओट्याकडे तोंड करून. म्हटलं, "आई, आज पेपरात एक माणूस घरी परत आला."

तिचा हात थांबला. वळली नाही. उत्तरेलाच तोंड करून तिने विचारलं, "जेवला का तो?"

म्हटलं, "तेवढं दिलं नव्हतं गं."

"मग झाकून ठेवते," म्हणाली, आणि ठेवलं.

आणि तुम्ही विचारता, बुद्धिमत्ता झाली का. झाली हो. बुद्धिमत्ता तेवढी झाली आमची. बाकीचं राहिलंय.