पाळीवरचा गोटा

…नाही जी, काचेच्या त्या भेगेले बोट नका लावू. बोटाचा घाम आत गेला का केमिकल धरत नाही, पांढरा डाग राहून जाते. तुम्ही बसा त्या बाकावर, सावली हाय. मी म्हनलं न, गिट्टी हाय ही — हायवेवर टिप्पर समोर असला का उडतेच गिट्टी, दिवसभर हेच भरून राहिलो मी. काय म्हनलं? हायवेवर नाही, तलावाच्या पाळीवर, बांधावर लागली? असन, चाकात अडकून आली असन. हे पाहा, हे रबर काचेले चिकटवलं, हे अवजाराचे तीन पाय टेकवले, आता मधातला आटा हातानं हळू हळू फिरवला का केमिकल आत जाते. हळूच फिरवा लागते.

हा गोटा कुठं भेटला तुमाले? वायपरच्या खाली. हं. गुळगुळीत हाय, नदीतला. गोफनीचा म्हनता? राहू शकते, भुपेंद्रभाऊ, कायले नाही म्हनू. पन धान लोंबीवर आला का पोपटाचे थवेच्या थवे उतरतेत, मानूस गोफन नाही फिरवन तं काय आरती ओवाळन? घरोघरी गोफन हाय. गोट्यावर कोनाचं नाव लिवलेलं असते काय?

शकुनबाई? — हो, माही मोठी बहीन होय. गावानं सांगितलंच असन तुमाले. म्हनूनच इथं आले काय तुम्ही, अख्ख्या साकोलीत दुसरा काचवाला नाही भेटला? मले वाटलंच. गाडीतले ते दोघं जन काच भरायले आल्यासारखे नाही दिसत. बसा, बसा. उठू नका. काम चालू हाय.

तुमाले तिची गोष्ट कोनी उलटीच सांगितली. ऐका माह्याकडून. तिची बांधी, धानाचं वावर, पाळीच्या अगदी खाली हाय, भाटवे, तिचा नवरा, गेल्यापासून तीच करते, नांगरापासून कापनीपर्यंत. तुमचे टिप्पर पाळीच्या मागून मुरूम नेऊ लागले, तवा पयले तिलेच समजलं — काहून का पाळ पाझरू लागली अन् कापनीले आलेल्या धानात पानी उभं राह्यलं. बैलाचा पाय जाईन एवढी भेग पडली पाळीले. ती ड्रायव्हरले बोलली, तो हसला. गावातल्या मानसायले बोलली, ते म्हनले, बाई, भुपेंद्रभाऊ मोठा मानूस हाय, तू कायले मधात पडते. मोठा तं हाय, पन तलाव फुटला तं पानी काय मोठ्या मानसाले इचारून वाहन? मग तिनं काय केलं — घरची बाज उचलली, पाळीवर आडवी टाकली अन् बसली त्याच्यावर. शिव्या नाही, बोंबलनं नाही. सुपात तांदूळ घेऊन निवडत बसे. टिप्पर येत अन् वापस जात. मी म्हनलो, बाई, हे बरं नाही. तं म्हने, टेकचंद, मी माह्या गावच्या पाळीवर बसली, कोनाच्या छातीवर नाही बसली.

अन् आज तुम्ही स्वतः गेले. हॉर्न वाजवला, ती नाही उठली. तुम्ही गाडी पुढं घेतली. तुमाले वाटलं, मानूस जिवाले भेते, उठनच. नाही उठली, भाऊ. बाज मोडली अन् बाई पाळीवरून गडगडत खाली चिखलात. तुम्ही काच खाली करून पाहिलं तरी काय? — धक्का नाही लागला, स्वतःच पडली, असं म्हनता? बरं. म्हना.

पन मी काय म्हनून राहिलो, का तिनं गोटा मारला हे खोटं हाय. तिचा उजवा हात मोडला, इथं मनगटात. डॉक्टरनं फोटो काढला, दोन तुकडे हायेत हाडाचे. मोडक्या हातानं कोनी गोफन फिरवते? सारी दुनिया उजव्या हातानंच फिरवते, तिचीच एक तेवढी डावी. मायनं लहानपनी किती मारलं तिले, डाव्या हातानं जेवते म्हनून, पन गोफन घेतली का मायही गप. एवढ्या थव्यातून नेमका पुढचा पोपट — चिखलात गुडघ्यावर बसून, एक हात लोंबत अन्…

मी काय सांगून राहिलो होतो? हां, गिट्टी. गिट्टीच हाय ही. 

कोनाले फोन लावता, भाऊ? तिच्या घरी नका पाठवू कोनाले. मी बोललो ते सोडा, मी बडबड्या मानूस. घरी कोनी नाही… म्हनजे माय हाय, म्हातारी, तिले डोयानं दिसत नाही. दार ठोकलं का ती शकुनच आली समजून उघडन. भाऊ, आइकून तं घ्या. निघाले म्हनता? तुमच्या पोरायले रस्त्यातूनच वापस बोलवा. ती घरी नाही. ती इथंच हाय. ह्या पडद्याच्या मागं, माह्या दुकानात, प्लास्टर घालून बसली हाय सकाळपासून. घ्या, सांगून टाकलं. आता ठेवा फोन.

बाई, तू कायले बाहेर आली? आत जा. — आत जा म्हनलं न मी. नाही आइकत ती. कधीच नाही आइकलं तिनं. पाहा भाऊ, पाहून घ्या, ही होय शकुनबाई. अन् तिकडं पाहा, सानगडीची एसटी लागली, त्यातून उतरून राहिल्या त्या बाया आमच्याच गावच्या होत. रंभाबाई, कुंताबाई, मागं अजून. तवा जे म्हनत होते मधात नको पडू, त्यायच्याच बायका. हिले घेऊन भंडाऱ्याले चालल्या, कलेक्टरसाहेबाकडं. हे मी तुमाले नव्हतं सांगायचं. पन आता सांगितलं.

थांबा, अवजार काढून घेतो. नाही, नाही भरत मी. बाकीचं दुसऱ्याकडून करून घ्या. ही घ्या चाबी. हॉर्न नका वाजवू, भाऊ — गाडीसमोर उभी राहिली ती, बाजूले नाही होनार. तुम्हीच वळवा गाडी.