चांदी दाबायचं हत्यार

नाही, हा नको — हा गुळगुळीत टोकाचा मागच्या खेपेला तुम्हीच दिलात, पोपटराव. त्याआधी खरबरीत टोकाचा. सत्तर साली उरणात दवाखाना टाकला, चौदा वर्षं लोकांच्या दाढा भरतोय, पण चौदा वर्षांत बदलले नाहीत एवढे हे चांदी दाबायचे प्लगर या चार महिन्यांत बदलले. तुमची कंपनी खूश असेल. जाड मुठीचा काढा. आहे ना? — आहे, बॅगेच्या तळाशी दिसतोय मला, लपवता कशाला? हं. वजनदार आहे. वजन असलं की हात — म्हणजे, हत्यार स्थिर राहतं. हत्यार म्हणालो मी.

दोष हत्याराचाच, दुसरं काय असणार? चांदी आणि पारा खलात मी स्वतः घोटतो. मऊ आहे तोवर दाढेच्या खड्ड्यात दाबून बसवायची, तीन-चार मिनिटांचा खेळ. आत पोकळ राहिली की सुटते. बाहेर बाकावर चांगुणाबाई बसल्यात ना, मोरा बंदरावर मासळी विकतात — त्यांची दोनदा सुटली. दुसरं कोणी असतं तर बाजारभर बोंब मारली असती. ही बाई पदराच्या गाठीत बांधून घेऊन आली. "डाक्टर, तुमची चांदी निघाली, घ्या. वजन करून घ्या, कमी नाय हाय." दोन्ही वेळा! शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

काय बघताय? टेबल हलत नाहीये. — बरं, बघा. हा माझा हात. सकाळी दहापर्यंत जरा बरा असतो. कोणाला सांगू नका — तुम्ही काय सांगणार म्हणा, नाव पोपट आणि तोंडात शब्द नाही. घरी सगुणा मला कप अर्धाच भरून देते. तिला वाटतं, नवरा चहा कमी करतोय. कौतुक करते हो!

तुमचा हात बघू. बघू तर! — कसा सरळ आहे. प्लास्टरच्या दातांवर किती डॉक्टरांना दाबून दाखवलंत? शंभर? मग ऐका. सकाळीच खड्डा साफ करून मी कापूस घालून ठेवलाय. पारा मी घोटतो. चांगुणाबाईंना सांगू, मुंबईचे मोठे डॉक्टर आलेत. तुम्ही फक्त दाबायचं, मी शेजारी उभा राहतो — चार मिनिटं, पोपटराव! बॅग का भरताय? लाँचला अजून तास आहे. पाया पडू का तुमच्या? खरंच पडतो —

चांगुणाबाई. पडद्याशी कधीपासून उभ्या आहात?

नाही, खुर्चीवर नको. आज भरायची नाही. पनवेलला चांगले डॉक्टर आहेत, चिठ्ठी देतो. रडू नका, दाढ वाचेल. — पोपटराव, तो जाड मुठीचा परत न्या. आणि तेवढी चिठ्ठी लिहा, माझं अक्षर त्यांना लागायचं नाही. लिहा: दाढ शाबूत आहे, आधीची चांदी नीट बसवलेली नव्हती. कोणी बसवली, ते नाव घाला. डॉक्टर शिवराम — आडनाव बाहेर पाटीवर आहे. लिहा हो! सही मी करतो.

झालं. निघा आता, दोघंही.