मार्चअखेरचं नवं-जुनं

उत्कर्षा : काका, कधीपासून बघतेय, उठता आणि परत बसता. काय बोलायचंय ते बोला ना.

वीरभद्रप्पा : काय नाही गं. पाय भरून आलेत. तुझा बाप गेल्यापास्नं फिरायलाच जात नाही मी. कंबर तलावापर्यंत दोघं जायचो, आता एकट्यानं कुठं जायचं. वहिनी कुठायत?

उत्कर्षा : आत, फोनवर. कार्यालयवाल्याशी बोलतेय, परवाच्या चौदाव्याच्या जेवणाचं. श्रीखंड ठेवायचं की जिलबी, त्यावर अडलंय.

वीरभद्रप्पा : कार्यालय घेतलंय?

उत्कर्षा : दोनशे पानं. मामा म्हणाले, घरी कुठं पुरणार, वेणीमाधवरावांना ओळखणारे खूप. मी कार्डावर भरणार आहे. नंतर त्याचे हप्ते करून मिळतात.

वीरभद्रप्पा : चौदाव्याचे पण हप्ते?

उत्कर्षा : सगळ्याचे मिळतात आता.

वीरभद्रप्पा : मग निघतोच मी.

उत्कर्षा : बसा काका. बाबांची शपथ आहे.

वीरभद्रप्पा : गेलेल्या माणसाची शपथ घालू नये पोरी... बरं, ऐक. पतसंस्थेत गेलतो, माझी ठेव मोडायला. रिटायर झाल्यावर आलेला सगळा पैसा तिथंच ठेवलाय की. गावाकडं, मैंदर्गीच्या घराला स्लॅब टाकायचाय. भिंती उभ्या हायत, वर आभाळ. मॅनेजर म्हणतो, देता येत नाही.

उत्कर्षा : का?

वीरभद्रप्पा : तुझ्या बापाला जामीन हाय मी.

उत्कर्षा : कशाला जामीन?

वीरभद्रप्पा : कर्जाला गं. दुसरं कशाला? त्याचं खातं मिटेपर्यंत माझी ठेव अडकली.

उत्कर्षा : काहीतरी चुकतंय तुमचं. बाबांवर कर्ज नव्हतं. शाळेत हेडक्लार्क होते ते, अख्ख्या शाळेचे पगार करायचे. शेजारून वाटीभर साखर उसनी आणलेली चालायची नाही त्यांना.

वीरभद्रप्पा : उसनी साखर शेजाऱ्याला दिसते. कर्ज कुठं दिसतंय?

उत्कर्षा : कधी घेतलं? आणि कशासाठी?

वीरभद्रप्पा : पहिलं स्कूटरसाठी. तू पहिलीत असशील.

उत्कर्षा : ती स्कूटर विकूनही जमाना झाला, काका.

वीरभद्रप्पा : स्कूटर गेली, कर्ज राहिलं. ते फिटायच्या आत तुमची वरची खोली काढली. मग कुणाचं लग्न, कुणाचं ऑपरेशन, तुझं पुण्याचं होस्टेल. दर मार्चला नवं-जुनं करायचं.

उत्कर्षा : म्हणजे काय करायचं?

वीरभद्रप्पा : जुनं फिटलं म्हणून दाखवायचं आणि त्याच दिवशी जरा मोठं नवं उचलायचं. नव्यातनं जुनं वळतं होतं, वरचे थोडे हातात पडतात. मॅनेजर खूष, मार्चअखेरला त्याची थकबाकी दिसत नाही. आपण पण खूष. खिसा गरम.

उत्कर्षा : आणि हे सगळे करायचे?

वीरभद्रप्पा : अख्खी स्टाफरूम. मी वेणूला जामीन, वेणू मला, सिद्धलिंगप्पा सर आम्हा दोघांना. मी ड्रॉइंगचा मास्तर, सह्या तेवढ्या झोकात करायचो. एक धनाजी शिपाई कर्जाबिगर राहिला. त्याला कुणी जामीनच मिळंना.

उत्कर्षा : हसताय तुम्ही.

वीरभद्रप्पा : तेव्हा लई हसायचो. सवय हाय.

उत्कर्षा : तुमचं कसं फिटलं मग?

वीरभद्रप्पा : रिटायर झाल्यावर आधी तेच फेडलं. उरलं त्याची ठेव. वेणूला म्हटलं, तू पण मोकळा हो. तर म्हणला, एक मार्च जाऊ दे. असे दोन मार्च गेले.

(उत्कर्षाची आई प्रेमला आतून चहा घेऊन येते.)

प्रेमला : घ्या भावजी. उत्कर्षा, जिलबीच ठरवली गं. ह्यांना आवडायची. मार्चमध्ये बोनस झाला की संध्याकाळी किलोभर जिलबी आणि मला एक साडी, कधी चुकलं नाही. तुमच्याकडंही आणत असाल की, भावजी?

वीरभद्रप्पा : आं? व्हय... आणायचो की.

उत्कर्षा : आई, शाळेत बोनस नसतो.

प्रेमला : नसतो कसा? इतकी वर्षं आणत होते ते कुठून?

वीरभद्रप्पा : चहा लई गोड झालाय, वहिनी.

प्रेमला : साखर अजून घातलीच नाही, भावजी. वाटी ही काय माझ्या हातात. काय झालंय? दोघं असे का बसलायत?

उत्कर्षा : बाबा दर मार्चला कर्ज काढत होते, आई. जुनं मोठं करून घेत होते. बोनस म्हणायचे तो त्यातलाच. काका जामीन आहेत, म्हणून काकांची ठेव पतसंस्थेनं अडवलीय.

वीरभद्रप्पा : मी मागायला नाही आलतो, वहिनी. बाहेरनं कळण्यापरीस माझ्या तोंडून कळावं, एवढंच.

प्रेमला : मला एका शब्दानं बोलले नाहीत. सांगितलं असतं तर नको म्हटलं असतं मी साडी.

उत्कर्षा : म्हटलं असतंस?

प्रेमला : ... नसतं म्हटलं. एकदाच आणली नाही, तर मी चार दिवस धड बोलले नव्हते त्यांच्याशी. पुढच्या मार्चला दोन घेऊन आले. मी म्हटलं, बघा, मनात आणलं की जमतं.

वीरभद्रप्पा : तसं नाही वहिनी. आम्ही सगळेच तसले. बायकोसमोर हात रिकामा दाखवायचा नाही, एवढंच कळत होतं आम्हाला.

प्रेमला : परवाचं तरी होऊ दे आता. दोनशे लोकांना सांगून झालंय. बाकीचं मग बघू.

उत्कर्षा : मग म्हणजे कधी, आई? मार्चमध्ये?

प्रेमला : माझ्यावर ओरडू नकोस. सगळ्यांच्या पंक्तीला जेवलोय आपण. त्यांनाच आपण पान वाढलं नाही, तर काय तोंड दाखवू मी?

वीरभद्रप्पा : होऊ द्या. मी काय, मेव्हण्याकडं राहीन. एवढी वर्षं राहिलो बिनघराचा.

उत्कर्षा : नाही. काका, माझ्या फ्लॅटच्या बुकिंगसाठी पैसे साठवलेले आहेत. ते भरले की बाबांचं खातं बहुतेक मिटेल. थोडं कमी पडलं तर मॅनेजरशी बोलू.

प्रेमला : अगं, तुझं कर्ज मंजूर झालंय. वीस वर्षांचं. पेढे वाटलेस तू ऑफिसात!

उत्कर्षा : हो, वाटले. कर्ज मिळालं म्हणून. बाबांना फोन केला, तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं, रेंज गेली.

वीरभद्रप्पा : पोरी, तुझं घर मोडून मी स्लॅब टाकू? जमायचं नाही ते.

उत्कर्षा : माझं घर कुठं उभं आहे अजून? तुमच्या भिंती तरी आहेत. भाड्यानं राहतेच आहे मी, राहीन आणखी. मोबाइलचा हप्ता, गाडीचा हप्ता, तेवढे आधी संपू देत.

प्रेमला : तुझेही आहेत?

उत्कर्षा : सगळ्यांचे असतात, आई. मी बाबांना बोलले नव्हते. त्यांना आवडणार नाही असं वाटायचं.

प्रेमला : ... फोन कुठाय माझा?

उत्कर्षा : चार्जिंगला. का?

प्रेमला : तूच लाव त्या कार्यालयवाल्याला. सांग, नको म्हणून.

उत्कर्षा : ॲडव्हान्स परत देणार नाही तो.

प्रेमला : बुडू दे. मामा बोलला तर त्याला माझ्याकडं दे. दोनशे लोकांना काय सांगायचं ते मी सांगते.

वीरभद्रप्पा : वहिनी, माझ्यापायी वेणूचं चौदावं...

प्रेमला : तुमच्यापायी नाही. तुम्ही बोलला नसतात, तर हिनं त्याचेही हप्ते भरले असते आणि मी पंक्तीत वाढत फिरले असते, आणखी एक घ्या म्हणत.

वीरभद्रप्पा : निघतो मी. येतो म्हणत नाहीत अशा घरातनं.

प्रेमला : परवा मात्र या. दुपारी.

वीरभद्रप्पा : कुठं? कार्यालय तर...

प्रेमला : इथंच. वरण-भात, एक भाजी आणि वाटीभर खीर. तेवढं घरात आहे.