बोलणं बंद, जामीन चालू

जामीनदाराचं म्हणाल, तर आमच्या पाचोडच्या पतसंस्थेतलं ऐका. मी तिथं मॅनेजर होतो. रऊफचाचांना शिलाई मशीनसाठी कर्ज हवं होतं. जामीनदार म्हणून आले शेजारचे नामदेवअण्णा. नालीवरून दोघांचं वर्षभर बोलणं बंद! खुर्च्या शेजारी, पण दोघंही माझ्याशीच बोलत होते.

अण्णा म्हणाले, “साहेब, चष्मा घरी राहिला. सही कुठं करू?”

चाचा छताकडं बघत म्हणाले, “साहेब, त्यांना म्हणा, माझा लावा.”

अण्णांनी तो लावला आणि सही ठोकली.

मला राहवलं नाही. “अण्णा, बोलत नाय अन् जामीन राहता?”

अण्णा माझ्यावरच उखडले, “भांडण नालीचं हाय. माणूस खोटा हाय व्हय? आन् त्यांना सांगा, चष्मा पुसत जा.”